जवळ गेलं की विटांची भिंत सपाट का दिसते? (नॉर्मल मॅप, पॅरॅलॅक्स की खरं मॉडेल?)

अर्धाकोन | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

गेले तीन महिने फावल्या वेळात एक छोटंसं, आत फिरता येईल असं दृश्य बनवतोय. अरुंद जुनी गल्ली, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, खाली ओबडधोबड दगडांची फरसबंदी आणि मधोमध एक हलता दिवा. रेंडरर, म्हणजे दृश्याचं चित्र काढणारा प्रोग्रॅम, स्वतःच लिहिलाय, ओपनजीएलवर (ग्राफिक्स कार्डाशी बोलायची एक रीत). प्रत्येक भिंत म्हणजे फक्त दोन त्रिकोण. बाकीचं सगळं टेक्स्चरच्या, म्हणजे वर डकवलेल्या चित्रफाइलींच्या, जिवावर: एक रंगाचं, एक नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणारा), एक रफनेसचं, म्हणजे खडबडीतपणाचं.

लांबून भिंत फार सुंदर दिसते. पहिल्यांदा दिवा फिरवला तेव्हा मी पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. प्रत्येक विटेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते. पण कॅमेरा भिंतीला लागून नेला आणि तिरकं पाहिलं की सगळं अवसान गळतं. छापलेला कागद डकवावा तशी भिंत. व्हीआर हेडसेट घालून पाहिलं तर आणखीच वाईट. हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळ उभं राहिलं की विटा नाहीतच, विटांचं चित्र आहे हे लगेच कळतं.

म्हणून जोडीला हाइट मॅप (कुठे किती उंच ते सांगणारा) घेतला आणि पॅरॅलॅक्स ऑक्लूजन मॅपिंग घातलं, म्हणजे नजरेच्या कोनाप्रमाणे टेक्स्चर सरकवून खोलीचा भास. खोली दिसायला लागली खरी, पण तीन नवी दुखणी आली. कॅमेरा हलला की विटा पाण्याखाली असल्यासारख्या डुलतात. विटांच्या कडांवर भलत्याच रंगाच्या ठिपक्यांच्या रेषा उमटतात. आणि डावीकडच्या भिंतीवर विटा आत गेलेल्या आणि सांधे बाहेर आलेले वाटतात.

आता पॅरॅलॅक्सवरच मेहनत घ्यावी, टेसेलेशनकडे (ग्राफिक्स कार्डावरच त्रिकोण बारीक चिरणं) जावं, की सरळ विटांचं खरं मॉडेल करावं? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

त्रिज्या | सोमवार, रात्री १०:३१

खरं मॉडेल करा. आताची कार्डं त्रिकोणांना घाबरत नाहीत.

सावलीवाला | सोमवार, रात्री ११:०५

त्रिज्याताई, इतक्यात निकाल नको. :) आधी भिंत सपाट का दिसते ते बघू, मग उपाय आपोआप सुचेल.

एड कॅटमुल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र गुंडाळायची रीत मांडली. ते निव्वळ चित्र होतं. वीट रंगवता यायची, पण उजेड बदलला तरी चित्रातली सावली तिथेच. मग १९७८ मध्ये जिम ब्लिन यांनी फार साधी आणि फार खोल गोष्ट दाखवून दिली: पृष्ठभाग जागचा हलवूच नका, फक्त त्याचा नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणारी दिशा, जरा ढळवा. उजेडाचं गणित नॉर्मलवर चालतं, त्यामुळे डोळ्याला उंचसखल भाग दिसतो. हेच बंप मॅपिंग. नॉर्मल मॅप म्हणजे त्याचंच पुढचं रूप, ढळलेली दिशा थेट रंगात लिहून ठेवलेली.

आता यात काय नाही ते पाहा. विटेची पुढची कड मागच्या सांध्याला झाकत नाही, कारण दोन्ही एकाच प्रतलात आहेत. डोकं हलवलं तर जवळचं जास्त आणि लांबचं कमी सरकायला हवं, ते होत नाही. विटेची सावली शेजारच्या विटेवर पडत नाही. आणि भिंतीची बाह्यरेषा पट्टीने आखल्यासारखी सरळच राहते. नॉर्मल मॅप फक्त उजेडाला फसवतो, डोळ्याच्या जागेचा त्याला पत्ताच नाही. तुमचे डोळे ज्या क्षणी जागेवरून खोली मोजायला लागतात त्या क्षणी तो उघडा पडतो.

पॅरॅलॅक्स यातल्या पहिल्या दोन त्रुटी भरून काढतं, थोडं जास्त काम केलं तर तिसरीही. चौथी मात्र नाही.

रेषारेषा | सोमवार, रात्री ११:४०

ठिपक्यांच्या रेषांचं कारण मला पाठ आहे. यात माझे दोन शनिवार गेलेत.

जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप, एकेक पिक्सेल सुटा रंगवत नाही, २×२ च्या चौकडीत रंगवतो. शेजारच्या पिक्सेलचा यूव्ही (टेक्स्चरमधली जागा) आणि आपला यूव्ही यांतला फरक बघून तो कोणती मिपमॅप पातळी, म्हणजे टेक्स्चरची आधीच लहान केलेली कोणती प्रत, वाचायची ते ठरवतो. फरक जास्त म्हणजे पृष्ठभाग लांब आहे, तेव्हा लहान पातळी घे, असा त्याचा हिशेब. आता तुमच्या शेडरमध्ये (पिक्सेल रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) विटेच्या कडेवर एका पिक्सेलचा नजरेचा किरण विटेच्या माथ्यावर थांबतो आणि शेजारचा खाली सांध्यात जाऊन पडतो. दोघांचे यूव्ही एकदम लांब. जीपीयूला वाटतं केवढं हे अंतर, आणि तो एकदम खालची, जवळपास सरासरी रंगाची पातळी उचलतो. तोच तुमचा भलता रंग.

उपाय: किरण पायरीपायरीने आत नेणारा लूप सुरू होण्याआधी मूळ यूव्हीचे डेरिव्हेटिव्ह (शेजारच्या पिक्सेलपर्यंतचा बदल) काढून ठेवा आणि नंतरचं प्रत्येक वाचन टेक्स्चरग्रॅडने (हे बदल आपण हाताने देतो ते फंक्शन) करा. लूपच्या आत, जिथे काही पिक्सेल आधी बाहेर पडतात आणि काही फिरत राहतात, तिथे साध्या वाचनाचे डेरिव्हेटिव्ह धरवतच नाहीत. आतल्या हाइट मॅपच्या वाचनालाही हाच नियम.

निळसर | मंगळवार, सकाळी ७:५५

डावीकडच्या भिंतीबद्दल. आधी हे वेगळं करा: विटा उजेडामुळे आत गेल्यासारख्या वाटतात की सरकण्यामुळे? पॅरॅलॅक्स बंद करून पाहा. तरीही उलटं दिसलं तर दोष नॉर्मल मॅपचा, नाहीतर हाइट मॅपचा.

नॉर्मल मॅपमध्ये हिरव्या चॅनेलचे दोन संप्रदाय आहेत. ओपनजीएलच्या रीतीत हिरवा वाढला की नॉर्मल वर झुकतो, डायरेक्टएक्सच्या रीतीत खाली. दोन्हीकडची टेक्स्चर बाहेर फिरतात आणि फाइलकडे नुसतं पाहून पटकन कळत नाही. मी एक गोल घुमट असलेलं चाचणीचं टेक्स्चर जवळ ठेवते. उजेड वरून टाकायचा, घुमटाचा वरचा भाग उजळला तर ठीक. पाच सेकंदांचं काम आहे.

आणि हाइट मॅपमध्ये काही लोक पांढरं म्हणजे उंच धरतात, काही पांढरं म्हणजे खोल. तेही तपासा.

दोन्ही ठीक असेल तर एकाच भिंतीवर गडबड होण्याचं तिसरं कारण: ती भिंत तुम्ही आरशासारखी उलटवून वापरली असेल. यूव्ही उलटले की बायटँजंटचं (पृष्ठभागावरच्या दोन दिशांपैकी दुसरीचं; पहिली टँजंट) चिन्ह बदलतं. ते टँजंटच्या चौथ्या घटकात साठवून शेडरमध्ये गुणावं लागतं.

खडबडीत | मंगळवार, सकाळी ९:२०

निळसर यांना अनुमोदन. अजून एक: नॉर्मल मॅप चुकून एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांची वक्र मोजपट्टी) म्हणून तर लोड होत नाही ना? ही चूक इतकी सर्रास होते की मी दरवेळी आधी तीच विचारतो.

सपाट जागी नॉर्मल मॅपचा रंग १२८, १२८, २५५ असतो, तो ओळखीचा फिका निळा. एसआरजीबी समजून वाचलं तर १२८ चा ०.५ ऐवजी साधारण ०.२१६ होतो. दोनने गुणून एक वजा केला की शून्याऐवजी उणे ०.५७. एक्सलाही तेच, वायलाही तेच. म्हणजे जी जागा सपाट असायला हवी तिथला नॉर्मल एका कोपऱ्याकडे सुमारे ३९ अंश कलतो. भिंत दिसते ठीकठाक, पण उजेड कुठून येतोय ते कधीच पटत नाही. डोळ्याला काहीतरी खटकत राहतं आणि माणूस दिव्याची तीव्रता बदलत बसतो.

रंगाचं टेक्स्चर एसआरजीबी. नॉर्मल, हाइट, रफनेस हे आकडे आहेत, ते लिनियर, म्हणजे जसेच्या तसे.

अर्धाकोन | मंगळवार, सकाळी १०:०२

बाप रे, एका रात्रीत इतकं! सगळ्यांचे मनापासून आभार. डावी भिंत खरंच उजवीची उलटवलेली प्रत आहे, निळसर, हे तुम्हाला न बघता कसं कळलं! संध्याकाळी बसून एकेक तपासतो.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, दुपारी १:१५

तांत्रिक भाग मला निम्माच कळतो, पण धागा आवडीने वाचतोय. एक भाषेची गोष्ट. टेक्स्चरला आपल्याकडे 'पोत' हा शब्द आहे. कापडाचा पोत, मातीचा पोत. हात फिरवला की कळतो तो पोत. सावलीवाला म्हणतात तसं पहिल्या पद्धतीत नुसतं चित्र गुंडाळलेलं असेल, तर ती 'चित्र डकवणं' झाली. पोत आला तो नॉर्मल ढळवल्यावर.

सावलीवाला | मंगळवार, दुपारी २:३०

शब्दवेल्हाळ, हे फार आवडलं. इंग्रजी नावामुळे आम्ही वर्षानुवर्षं रंगाच्या फाइलला टेक्स्चर म्हणत आलो. मराठीत विचार केला तर रफनेस आणि नॉर्मल मिळून पोत होतो, रंग वेगळाच. २०१२ च्या सुमारास भौतिकीवर आधारलेलं शेडिंग सगळीकडे रुजायला लागलं, तेव्हा मोठा बदल हाच होता: रंगाच्या टेक्स्चरमधून सावल्या आणि चमक काढून टाका, तिथे फक्त रंग ठेवा. पोताचा हिशेब दुसरीकडे.

चौथी_मिती | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

डुलण्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. अर्धाकोन, तुमच्या शेडरमध्ये खोलीचं माप किती ठेवलंय? ०.१ किंवा ०.०५ असेल, कारण बहुतेक शिकवण्यांत तेवढंच असतं.

आता हिशेब करा. तुमचं टेक्स्चर भिंतीवर किती मीटर पसरतं? समजा २ मीटर. पॅरॅलॅक्सची खोली यूव्हीच्या एककात असते, म्हणजे ०.१ चा अर्थ २ मीटरचा दहावा भाग, २० सेंटिमीटर! २० सेंटिमीटर खोल सांध्यांची भिंत कोणी बांधत नाही. खरा सांधा १ सेंटिमीटर खोल धरला तर माप ०.००५ हवं. तुम्ही वीसपट खोल भिंत दाखवताय, म्हणून ती डुलते. उरलेल्या सगळ्या क्लृप्त्या या एका आकड्यानंतर.

माणसं हा आकडा वाढवतात कारण लहान ठेवला तर 'परिणाम दिसत नाही' असं वाटतं. पण १ सेंटिमीटरचा परिणाम तेवढाच असतो! नॉर्मल मॅपमध्ये जो उतार लिहिलाय त्याच्याशी ही खोली जुळली पाहिजे. उजेड एक सांगतो आणि सरकणं दुसरं सांगतं, मग डोळा गोंधळतो. एकाच हाइट मॅपमधून, एकाच मापाने नॉर्मल मॅप तयार केला की हे भांडण मिटतं.

दुसरी गोष्ट: टँजंट स्पेसमधला (पृष्ठभागाच्या दिशांनी मोजलेला) दृष्टीचा व्हेक्टर व्हर्टेक्स शेडरमधून, म्हणजे त्रिकोणाच्या कोपऱ्यांच्या गणितातून, मधल्या पिक्सेलना वाटला (इंटरपोलेट) होऊन येतो, त्याची लांबी बदलते. पिक्सेल शेडरमध्ये तो पुन्हा नॉर्मलाइझ करा, म्हणजे लांबी एक करा. दोनच त्रिकोणांच्या मोठ्या भिंतीवर हे विसरलात तर मधोमध आणि कडेला वेगळं सरकतं.

जुनाखेळाडू | मंगळवार, रात्री ९:१०

जरा विषयांतर करतो, पण डुलणाऱ्या टेक्स्चरचा विषय निघाला आणि राहवलं नाही.

मी सॉफ्टवेअर रास्टरायझर (ग्राफिक्स कार्डाशिवाय त्रिकोणांचे पिक्सेल करणारा प्रोग्रॅम) लिहायचो तेव्हाचं दुखणं याहून मूलभूत होतं. यूव्ही स्क्रीनवर सरळ रेषेत वाटून टाकले की चित्र वाकडं होतं, कारण लांबचा भाग आक्रसायला हवा. बरोबर उत्तरासाठी प्रत्येक पिक्सेलला एक भागाकार लागतो आणि भागाकार तेव्हा फार महाग. पहिल्या प्लेस्टेशनच्या हार्डवेअरमध्ये हा हिशेबच नव्हता, म्हणून तिथल्या जमिनी आणि भिंती चालताना वळवळायच्या. १९९६ च्या क्वेक या गेमने सुंदर तोड काढली: दर १६ पिक्सेलना एकच खरा भागाकार, मधल्या पिक्सेलना सरळ वाटणी. पेंटियमचं फ्लोटिंग पॉइंट एकक तो भागाकार मागे करत राहायचं आणि तेवढ्यात प्रोसेसर आधीचे १६ पिक्सेल रंगवून घ्यायचा. ती कल्पना समजली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

सांगायचा मुद्दा, ही सगळी विद्या 'इथे किती चूक डोळ्याला चालेल' या प्रश्नावर उभी आहे. सोळा पिक्सेलांत ती चूक दिसत नव्हती. तुमच्या भिंतीचंही असंच मोजा.

खडबडीत | मंगळवार, रात्री ९:५२

काका, असे किस्से येऊ द्यात.

त्रिज्या | बुधवार, सकाळी ८:४०

माझा पहिला प्रतिसाद तुटक होता, पण मत तेच आहे, तर नीट मांडते.

पॅरॅलॅक्सचा पूर्ण वंश बघा. २००१ मध्ये कानेको आणि सहकाऱ्यांचं साधं पॅरॅलॅक्स, एकदाच यूव्ही सरकवायचा. तिरक्या कोनात ते फाटतं म्हणून २००४ मध्ये वेल्श यांनी सरकण्याला मर्यादा घातली. २००५ मध्ये स्टीप पॅरॅलॅक्स, थर पाडून एकेक पायरी उतरायची. त्याच सुमाराला रिलीफ मॅपिंग, म्हणजे पायऱ्या आणि वर बायनरी शोध. मग नताल्या तातारचुक यांचं पॅरॅलॅक्स ऑक्लूजन, शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये रेषा धरून छेदबिंदू काढायचा. इतक्या लोकांनी इतकी बुद्धी खर्च केली, कारण तेव्हा त्रिकोण महाग होते. आज अनरिअल ५ या गेम इंजिनमधलं नॅनाइट लाखो त्रिकोणांची भिंत सहज पेलतं. बाह्यरेषा बरोबर, सावली बरोबर, दोन वस्तू एकमेकींत शिरतात ती रेषाही बरोबर. पॅरॅलॅक्सच्या भिंतीवर एक शिडी टेकवून पाहा, ती विटांना न टेकता हवेत थांबते किंवा सपाट प्रतलात रुतते. खोली खरी नसल्याची किंमत सगळीकडे मोजावी लागते.

चौथी_मिती | बुधवार, सकाळी ९:३०

शिडीचं उदाहरण चोख आहे, मान्य. पिक्सेल शेडरमधून डेप्थ (पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर) लिहिली तर शिडी नीट टेकते, पण मग जीपीयूची आधीच झाकलेले पिक्सेल गाळायची सोय बहुतांशी हातची जाते. कन्झर्व्हेटिव्ह डेप्थ (डेप्थ एकाच दिशेने बदलेल असं आधीच सांगणं) वापरून काही भाग वाचवता येतो, कारण पॅरॅलॅक्समध्ये खोली नेहमी मूळ प्रतलाच्या आतच जाते.

पण त्रिज्याताई, अर्धाकोननी रेंडरर स्वतः लिहिलाय. नॅनाइट म्हणजे एक तंत्र नाही, अख्खी यंत्रणा आहे: मेशचे (त्रिकोणांच्या जाळीचे) तुकडे, त्यांची उतरंड, डिस्कवरून हवे तेवढेच आणणं, बारीक त्रिकोणांसाठी वेगळा सॉफ्टवेअर रास्टरायझर. एकट्या माणसाने फावल्या वेळात तो डोंगर उचलायचा का?

आकडेही बघा. ४०९६×४०९६ चा नॉर्मल मॅप म्हणजे १.६८ कोटी टेक्सेल (टेक्स्चरचे ठिपके). तेवढाच तपशील त्रिकोणांत हवा तर टेक्सेलमागे दोन, म्हणजे ३.३६ कोटी त्रिकोण. नॉर्मल मॅप बीसी५ या आवळलेल्या स्वरूपात टेक्सेलमागे एक बाइट घेतो, १६ मेगाबाइटांत मावतो, मिपमॅप धरून २१ च्या आसपास. विटेवरचे सुईच्या टोकाएवढे खड्डे त्रिकोणांत उतरवायचं कारणच नाही. ते नॉर्मल मॅपचंच काम आहे, आणि राहील.

त्रिज्या | बुधवार, सकाळी ९:४८

खड्डे नॉर्मल मॅपला दिले. विटा माझ्या. :)

निळसर | बुधवार, दुपारी १२:२०

टेसेलेशनचा उल्लेख मूळ प्रश्नात होता, तर माझा अनुभव.

डायरेक्टएक्स ११ बरोबर २००९ मध्ये ते आलं तेव्हा मला वाटलं होतं आता सगळं सुटलं. त्रिकोण जीपीयूवरच चिरायचा, एका बाजूचे जास्तीत जास्त ६४ भाग, आणि हाइट मॅपप्रमाणे व्हर्टेक्स वर उचलायचे. डोंगरमाती, बर्फ, पाणी यांना उत्तम. विटांना नाही. विटेची कड तीक्ष्ण असते आणि चिरलेले त्रिकोण त्या कडेवर बरोबर बसत नाहीत, त्यामुळे कड करवतीसारखी दिसते. ती गुळगुळीत करायला आणखी चिरायचं, तर त्रिकोण एका पिक्सेलएवढे होतात. मग रेषारेषा यांनी सांगितलेली तीच चौकडी आडवी येते: एका पिक्सेलच्या त्रिकोणासाठी चार पिक्सेलांचं काम, तीन वाया.

शिवाय यूव्हीची शिवण, म्हणजे टेक्स्चरचे दोन तुकडे मिळतात ती रेषा, जिथे असते तिथे दोन्ही बाजूंना हाइट मॅपची किंमत जराशी वेगळी आली की भिंतीला चक्क भेग पडते आणि पलीकडचं दिसतं. माझ्या एका खांबाला अशी उभी भेग होती, महिनाभर कोणाच्या लक्षात आली नाही, आणि दाखवायच्या दिवशी नेमका कॅमेरा तिथेच थांबला.

रेषारेषा | बुधवार, दुपारी ३:०५

हेडसेटचा भाग मी मोजून पाहिला, कारण 'व्हीआरमध्ये नॉर्मल मॅप चालत नाही' हे वाक्य फार सरसकट फिरतं.

दोन डोळ्यांतलं अंतर ६३ मिलिमीटर धरा, हेडसेटचं रेझोल्यूशन अंशाला २० पिक्सेल. १ सेंटिमीटर खोल सांधा अर्ध्या मीटरवरून समोर पाहिला तर दोन डोळ्यांच्या चित्रांत सुमारे ३ पिक्सेलांचा फरक पडायला हवा. तो न पडणं डोळ्याला चटकन कळतं. हाच सांधा २ मीटरवर असेल तर फरक पाव पिक्सेलही नाही. म्हणजे त्या अंतरावर खरं मॉडेल आणि नॉर्मल मॅप, समोरून पाहताना, दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखेच! फरक अंतराच्या वर्गाने घटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पॅरॅलॅक्स फक्त जवळच्या दीड-दोन मीटरांत पूर्ण चालवा, तीन मीटरपर्यंत हळूहळू शून्यावर आणा, पुढे नुसता नॉर्मल मॅप. आणि फरसबंदीचं वेगळं मोजा. ती नेहमी तिरकी दिसते, दगड जास्त उंच असतात, तिथे हे अंतर बरंच लांब जाईल.

पायऱ्यांची संख्याही कोनावर बांधा: समोरून पाहताना ८, तिरकं पाहताना ३२.

जुनाखेळाडू | बुधवार, दुपारी ३:४०

याला म्हणतात मोजणं. वा!

खडबडीत | बुधवार, रात्री ८:३०

फरसबंदीचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. अर्धाकोन, लांबची फरशी चमचमते का? कॅमेरा हलला की पांढरे ठिपके लुकलुकतात का?

मिपमॅप आले १९८३ मध्ये, लान्स विल्यम्स यांच्याकडून. 'मिप' म्हणजे 'मुल्टुम इन पार्व्हो', लॅटिनमध्ये 'थोड्या जागेत पुष्कळ'. एक तृतीयांश जागा जास्त, आणि लांबच्या टेक्स्चरची लुकलुक बंद. रंगासाठी ही सरासरी अगदी योग्य. नॉर्मलची सरासरी मात्र फसवी असते. चार खडबडीत नॉर्मल चार दिशांना झुकलेले असले तर सरासरी सरळ वर येते, म्हणजे लांबचा ओबडधोबड दगड आरशासारखा सपाट ठरतो. रफनेस मात्र तोच राहिल्यामुळे तो ओला असल्यासारखा चमकतो.

मायकेल टॉक्सविग यांनी २००५ च्या सुमारास यातली खूण दाखवली: सरासरी नॉर्मलची लांबी एकपेक्षा कमी होते, आणि ती किती कमी झाली यातच 'इथे किती खडबड होती' हे लिहिलेलं असतं. त्यावरून चमक कमी करायची. पण बीसी५ मध्ये आपण एक्स आणि वाय दोनच ठेवतो आणि झेड वर्गमुळाने परत काढतो. त्या क्षणी लांबी पुन्हा एक होते आणि ती माहिती पुसली जाते! म्हणून मिपमॅप बनवतानाच लांबी मोजा आणि तो वाढीव खडबडीतपणा रफनेसच्या त्याच पातळीत भरून ठेवा. चालताना एक पैशाचंही जास्त काम नाही.

हे केल्यावर माझी ओली दिसणारी वाट कोरडी झाली. इतक्या वर्षांत कोणत्याही एका बदलाने मला एवढं समाधान दिलं नाही.

शब्दवेल्हाळ | बुधवार, रात्री ९:०५

म्हणजे लांबून पाहताना उंचसखलपणाचं रूपांतर पोतात होतं! डोंगर जवळून खडक, लांबून मखमल. हे मला कळलं.

खडबडीत | बुधवार, रात्री ९:११

अगदी हेच. जवळ खोली, मध्ये नॉर्मल, लांब रफनेस. वस्तू तीच.

अर्धाकोन | शनिवार, रात्री ११:२५

तीन संध्याकाळी बसलो. जसं झालं तसं सांगतो.

खोलीचं माप: ०.१ होतं. चौथी_मिती, तुमचा अंदाज नेमका. माझं टेक्स्चर २.४ मीटर पसरतं, म्हणजे मी २४ सेंटिमीटरचे सांधे दाखवत होतो. ०.००४ केलं. डुलणं गेलं. आधी वाटलं सगळा परिणामच गेला, मग हेडसेट घालून भिंतीजवळ गेलो आणि हात आपोआप पुढे झाला. विटेच्या कडेला बोट लावून बघावंसं वाटलं.

ठिपक्यांच्या रेषा टेक्स्चरग्रॅडने गेल्या. लूपमधल्या हाइट मॅपचं वाचन मी विसरलो होतो, तिथेही बदलल्यावरच पूर्ण गेल्या.

डावी भिंत: टँजंटचं चिन्ह. मी चौथा घटक साठवत होतो पण शेडरमध्ये वापरतच नव्हतो. एसआरजीबीची चूक भिंतींत नव्हती, मात्र फरसबंदीच्या नॉर्मल मॅपमध्ये निघाली! त्यामुळेच फरशीवरचा उजेड मला कधी पटत नव्हता आणि मी दिव्याला दोष देत होतो.

रफनेसमध्ये खडबड भरायचं काम आज केलं. लांबची फरशी शांत झाली.

आता उरलं एकच. गल्लीच्या टोकाला भिंत संपते तिथला कोपरा. विटा खोल दिसतात, पण कोपऱ्याची रेषा सुरीने कापल्यासारखी सरळ. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तर फारच. आता कळलं की सावलीवाला यांनी चौथी त्रुटी म्हणून हेच सांगितलं होतं. याला पॅरॅलॅक्समध्ये काहीच तोड नाही का?

सावलीवाला | रविवार, सकाळी ८:१५

आहे, किरण यूव्हीच्या सीमेबाहेर गेला की तो पिक्सेल टाकून द्यायचा. सपाट तुकड्याच्या कडेला चालतं, पण दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी पिक्सेल गळतात आणि मध्ये फट राहते. त्या वाटेला जाऊ नका.

इथे त्रिज्याताईंचं ऐका. फक्त कोपऱ्याच्या विटा खऱ्या करा.

त्रिज्या | रविवार, सकाळी ९:००

चला, एक कोपरा तरी माझ्याकडे आला!

अर्धाकोन, सोपी रीत सांगते. कोपऱ्यातली एक उभी रांग घ्या, एक आड एक लांब आणि आखूड वीट, तीन-चार वेगवेगळ्या विटा पुरतात, आलटूनपालटून आणि फिरवून वापरा. प्रत्येक विटेच्या कडा जराशा घासलेल्या, एकदोन कोपरे फुटलेले. दरवाजाच्या चौकटीभोवतीही तेच, आणि भिंतीच्या माथ्यावर. जिथे जिथे भिंतीच्या मागे दुसरं काही दिसतं तिथे खऱ्या विटा, मधल्या अंगाला पॅरॅलॅक्स. गल्लीच्या एका भिंतीला दीडदोनशे विटा लागतील, त्या इन्स्टन्सिंगने (एकच मॉडेल अनेक जागी काढणं) एका ड्रॉ कॉलमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या एकाच आज्ञेत, जातात.

अर्धाकोन | रविवार, सकाळी ९:४०

हे जमण्यासारखं आहे. पण खऱ्या विटा आणि पॅरॅलॅक्सच्या विटा जिथे शेजारी येतात तिथे सांधा उघडा पडणार नाही का?

त्रिज्या | रविवार, सकाळी १०:०५

पडेल, जर खरी वीट भिंतीच्या प्रतलाच्या बाहेर आली तर. पॅरॅलॅक्समध्ये वीट प्रतलाच्या पातळीवर असते आणि सांधा आत असतो. तेव्हा खऱ्या विटेचा पुढचा चेहरा बरोबर त्याच प्रतलात ठेवा, आणि जोड विटेच्या मध्यावर न आणता सांध्याच्या मधोमध आणा. सांध्याचा तळ खऱ्या मॉडेलमध्येही तेवढाच खोल, तुमच्या मापाने साधारण १ सेंटिमीटर. रंग आणि नॉर्मल त्याच टेक्स्चरमधून घ्या, म्हणजे विटांची छटा बदलणार नाही. पॅरॅलॅक्स तीन मीटरांवर विरतं, तेव्हा त्या अंतरावरून जोडाकडे तिरकं बघून एकदा खात्री करा.

चौथी_मिती | रविवार, सकाळी १०:२०

आणि जोडाच्या बाजूला टेक्स्चरला निदान अर्ध्या विटेचा जास्तीचा भाग ठेवा. तिरका किरण तुकड्याच्या पलीकडे डोकावतो, तिथे वाचायला काहीतरी असलं पाहिजे.

अर्धाकोन | रविवार, रात्री १०:५०

सोळा विटा लावून झाल्या. जोड मलाच सापडत नाहीये, कुठून सुरू केलं होतं ते शोधायला वायरफ्रेम (नुसत्या त्रिकोणांच्या रेषा दाखवणारं दृश्य) चालू करावा लागला. उद्या चौकट घेतो.